ठराव कागदावरचा, पाणी ओंजळीतले

रविवारची बुद्धवंदना आटोपली आणि आम्ही महिला मंडळाच्या पंधरा-वीस जणी विहारातच बसून राहिलो होतो. तेवढ्यात वस्तीतील कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने एक पुस्तिका आणून आमच्यापुढे ठेवली. आमच्या शहराच्या पालिकेने वर्षभरात काय काय केले त्याचा तो अहवाल. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, वस्ती सुधारणा, नागरिकांची सुरक्षा असे मोठमोठे मथळे. पाने उलटता उलटता आमच्या वस्तीचे नाव दिसले, तशा सगळ्या जणी पुढे सरकलो. लिहिले होते : मुख्य गल्लीत आठ दिवे बसविले; गटारावर फरश्या टाकल्या; सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती पूर्ण.

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. आठ खांब आहेत हे खरे, पण त्यांतले पेटतात चार. फरश्या टाकल्या हेही खरे, मात्र वळणावर जिथे पोरे धावतात तिथेच तीन हात गटार उघडे आहे. आणि शौचालय? बायकांच्या बाजूच्या दोन दारांना आतून कडी नाही. रात्री एक आत जाते, दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. दहावीला बसलेली पोर अभ्यास बाजूला ठेवून आईसोबत दार धरायला जाते. अहवालात एका ओळीत पूर्ण झालेले काम आमच्या घरी रोज रात्री अपुरे असते.

कोणी म्हणाले, फाडून टाका ती पुस्तिका. तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या आजी बोलल्या. आजींचे माहेर महाड तालुक्यातले. त्या म्हणाल्या, "फाडू नका गं. कागदावर तर चवदार तळंसुद्धा आधीच खुलं झालं होतं. पाणी प्यायला मात्र बाबासाहेबांना जावं लागलं."

आजींच्या या बोलण्याने आमचे ठरले. दरवर्षी २० मार्चला महाडला जायचे म्हणतो आणि राहून जाते. यंदा गर्दीच्या आधीच्या रविवारी जायचे, क्रांतिभूमी निवांत पाहायची आणि ती पुस्तिकाही पिशवीत घालून न्यायची.

दासगावमार्गे

पहाटेच्या अंधारात भाकऱ्या बांधून निघालो. पनवेलला एस.टी. मिळाली. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना त्याआधीपासून मोफत प्रवास. त्यामुळे आजींचे तिकीट काढावे लागले नाही आणि आमच्या पदरची रक्कमही निम्म्यावर आली. सरकारी निर्णय कंडक्टरच्या यंत्रापर्यंत पोहोचला की गरिबाला तो कसा कळतो, हे प्रवासाच्या सुरुवातीलाच दिसले.

पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव अशी गावे मागे पडत गेली. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या कंबरेला ठाऊक आहे. माणगावच्या पुढे लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते. सोबतच्या मुलाने खिडकीतून हात जोडले. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शिकायला जावे, असे त्याच्या मनात आहे.

मग दासगाव आले. आजींनी सर्वांना उठविले. "हेच ते बंदर," त्या म्हणाल्या. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब दोनशेच्या आसपास सत्याग्रहींसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. इथून महाड पाच मैल. सत्याग्रहींचा जथा जयघोष करीत त्या वाटेने चालत गेला. आज ती वाट एस.टी. काही मिनिटांत कापते.

याच दासगावाचे आणखी एक दुःख आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव आणि तालुक्यातील जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या आणि कुटुंबे मातीखाली गेली. आजींच्या माहेरच्या नात्यातली माणसे त्यांत होती. गाडीत कोणी काही बोलले नाही. आम्ही मनातल्या मनात त्रिशरण म्हटले.

दगडावरचा अहवाल

महाड गाव सुरू होण्याआधी महामार्गाच्या कडेलाच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. आम्ही तिथे उतरलो. पायऱ्या चढताना गुडघे बोलू लागले, पण वर पोहोचल्यावर थंड वारा लागला आणि खाली सावित्री व गांधारी या नद्यांचे खोरे पसरलेले दिसले. लहानमोठी मिळून तीसच्या आसपास लेणी येथे कोरलेली आहेत. आपले भिक्खू वर्षावासात अशा लेण्यांत राहत, धम्म सांगत आणि बंदरांकडे जाणारे व्यापारी दान देत.

इथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला एक लेख आहे. कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराच्या दानाचा तो लेख. काय काय दिले ते त्यात मोजून सांगितले आहे : लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि लेण्याकडे येणारी वाट. एवढेच. दात्याची फुगवून स्तुती नाही. सोबतच्या मुलाने हे आम्हाला समजावून सांगितले, तशा आमच्यातल्या दोघी उठल्या आणि खोल्या मोजू लागल्या! दोन हजार वर्षांच्या आसपास लोटली, तरी दिलेल्या दानाचा पडताळा आजही जागेवर उभे राहून घेता येतो.

आम्हाला वाटले, वस्ती सुधारणेचा अहवाल असावा तर असा. राहायची जागा किती, पाणी कुठे, वाट कुठून. वाचणाऱ्याला मोजता आले पाहिजे.

तीन वर्षांचे अंतर

ऊन चढण्याच्या सुमारास महाडात पोहोचलो. प्रथम क्रांतिस्तंभाला वंदन केले. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री याच भूमीवर मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेसाठी सवर्णांकडून जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली होती, ही गोष्ट आपण लेकरांना सांगितली पाहिजे. आणि त्या परिषदेला आलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्याविषयी, लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी, मुलींना शिकविण्याविषयी जो उपदेश केला, तो तर आम्हा बायकांचा ठेवाच आहे.

तिथून चालत चवदार तळ्यावर गेलो. २० मार्चच्या तयारीचे बांबू रस्त्याकडेला येऊन पडले होते. तळे चारी बाजूंनी घरांनी वेढलेले आहे. पायऱ्या उतरून आम्ही पाण्यापाशी गेलो. तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील घेतले आणि पायरीवर बसलो. मग आजींच्या त्या बोलण्याचा अर्थ आम्ही नीट उलगडून पाहिला. मुलाने घरून टिपण काढून आणले होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या व चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या म्युनिसिपालिटीने ५ जानेवारी १९२४ रोजी आपल्या हद्दीतील तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव केला. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष असलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हे चळवळीचे सच्चे मित्र होते. म्हणजे त्या वर्षीच्या अहवालात लिहायचे असते तर काय लिहिले असते? "चवदार तळे सर्वांसाठी खुले केले. काम पूर्ण."

आणि प्रत्यक्षात? एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत त्या तळ्याचे पाणी आले नाही. गुरेढोरे पाणी पीत होती, परधर्माची माणसे पीत होती, आपली माणसे काठाला लागत नव्हती. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना कौन्सिलात दुसरा ठराव आणावा लागला की, ज्या म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. बोलेसाहेबांनी बरोबर ओळखले होते. ठराव करणे सोपे, त्याची किंमत मोजायची वेळ आली की कारभारी जागे होतात.

मार्च १९२७ च्या १९ आणि २० तारखांना महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी गायकवाड, अनंतराव चित्रे, टिपणीस, बापूसाहेब सहस्रबुद्धे असे कार्यकर्ते राबले. ज्या गावच्या म्युनिसिपालिटीने तळे खुले केले होते, त्या गावात या परिषदेसाठी पिण्याचे पाणी ४० रुपयांना विकत घ्यावे लागले! त्या काळचे ४० रुपये. कागद आणि ओंजळ यांच्यातले अंतर रुपयांत मोजायचे तर ते एवढे होते.

२० मार्चला बाबासाहेब उठले आणि हजारोंचा समुदाय शिस्तीने तळ्याकडे चालू लागला. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. मागोमाग सर्वांनी पाणी घेतले. म्युनिसिपालिटीचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव त्या क्षणी अमलात आला. तो अमलात कोणी आणला? ज्यांच्यासाठी केला होता त्यांनीच, आपल्या पायांनी चालत येऊन.

पुढे काय झाले हेही विसरता कामा नये. देवळात शिरणार अशी अफवा उठवून आपल्या माणसांना मारहाण झाली. तळे बाटले म्हणून १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी त्याची शुद्धी करण्यात आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वर्षदिनी, महाडच्या म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा होणार म्हणताच कोर्टातून मनाई आणण्यात आली. खटला चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळ्यावर स्पृश्यांचा मक्ता असल्याची अनादिकालापासूनची रूढी सिद्ध होत नाही, असे ठरले. १९२४ चा कागद, १९२७ ची ओंजळ आणि १९३७ चा निकाल. तेरा वर्षे लागली.

सोबतच्या एका ताईने विचारले, "मग ठरावाचा उपयोग काय झाला?" चांगला प्रश्न होता. त्यावर बरीच चर्चा झाली. आम्हाला असे समजले की, ठराव फुकट गेला नाही. बाबासाहेब तळ्याकडे गेले ते हातात हक्क घेऊन गेले. कायद्याने दिलेले आहे ते घ्यायला आलो आहोत, असे सांगता आले. कागद नसता तर दरवाजा ठोठवावा लागला असता. कागद होता म्हणून दरवाजा उघडा आहे, हे दाखविता आले. म्हणून आजी म्हणाल्या ते खरे. पुस्तिका फाडायची नाही. तीच हातात घेऊन जायचे.

याच तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. सैन्यातून निवृत्त होऊन आल्यावर १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. १८९५ साली त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा आपल्याबरोबर अस्पृश्य बसणार म्हणून सवर्ण सभासदांनी गोंधळ केला. स्थानिक कारभाराच्या टेबलाशी बसण्यासाठी आपल्या पूर्वजांनी एवढे सोसले आहे. आणि आपण? पालिकेचा अहवाल घरी येतो तर त्यावर भाजी निवडतो.

पुराची खूण

दुपारी तळ्यावरून बाजारपेठेत आलो. एका दुकानदाराने शटरच्या वरची ओलीची रेघ दाखविली. २२ जुलै २०२१ चा पूर. सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी शहरात शिरले आणि तळमजले बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पूर ओसरल्यावर चिखल उपसायला दुसऱ्या शहरांच्या महापालिकांची सफाई पथके महाडात आली. घरोघरचा चिखल काढणाऱ्या त्या हातांत आपल्या समाजाचे किती हात असतील, ते आपल्याला ठाऊक आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, महाडच्या काजळपुरा भागात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे मरण पावली. ढिगाऱ्याखालून एक चार वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत निघाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आले होते. ती इमारत काही जुनाट नव्हती. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडच्या पुढे पोलादपूरच्या बाजूला सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह पाण्यात गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला.

एका लहान गावाने पाच वर्षांत पूल, इमारत आणि पूर अशी तीन संकटे पाहिली. पूल महामार्गाचा, इमारत खासगी, पाऊस आभाळाचा. सगळे एकाच्या माथी मारता येत नाही. पण नागरिकांची सुरक्षा हा शब्द अहवालात छापला जातो तेव्हा त्याचा अर्थ काय, ते इथे कळते. बांधकामाला परवानगी देताना कोणी जागेवर जाऊन पाहिले का? पावसाआधी नाले उपसले का? पुलाची तपासणी कोणी केली? धोक्याची सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत किती वेळात जाते?

चहाच्या टपरीवर एक महाडकर ताई भेटल्या. जयभीम झाला. त्या धुणीभांडी करतात. पुराच्या रात्रीचे सांगू लागल्या, "मुलांचे दाखले, रेशनकार्ड, जातीचा दाखला सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकलं, म्हणून वाचलं. भोंगा वाजला की पाणी येतंय ते कळतं हो. पण भोंगा ऐकून जायचं कुठं, म्हातारीला कुणी उचलायचं, हे आधीच ठरलेलं पाहिजे. आता आमच्या आळीत आम्ही ठरवलंय." शाळेची खोली कोणाच्या ताब्यात, किल्ली कोणाकडे, आजारी माणूस कोणत्या घरात, हे त्यांच्या मंडळाने एका वहीत लिहून ठेवले आहे. त्यांची ती वही कोणत्याही गुळगुळीत अहवालात आलेली नाही. पण सुरक्षा म्हणतात ती तीच, असे आम्हाला वाटले.

अहवाल वाचायचा कसा

परत येताना गाडीत मुलाने आम्हाला काही गोष्टी सांगितल्या. त्या सर्व भगिनींच्या उपयोगी पडतील म्हणून इथे देतो.

दर पालिकेला वर्षाचे अंदाजपत्रक करावे लागते आणि मागील वर्षात काय केले त्याचा प्रशासन अहवालही तयार करावा लागतो. अंदाजपत्रकात पैसा ठेवला, याचा अर्थ तो खर्च झाला असा नाही. खर्च झाला, याचा अर्थ काम जागेवर झाले असा नाही. म्हणून तीन रकाने पाहायचे : ठेवले किती, खर्चले किती, जागेवर दिसते किती.

पालिकांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायची असते. शहरांतील आपल्या वस्त्यांच्या गटारे, रस्ते, दिवे, समाजमंदिर अशा कामांसाठी अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधार योजना आहे. हा पैसा आपल्या वस्तीत आला की दुसरीकडे वळला, ते विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला. साध्या कागदावर अर्ज आणि १० रुपये शुल्क. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. कामाच्या ठिकाणी जाऊन पाहणी मागता येते, बिलांच्या प्रती मागता येतात.

विचारायचे कोणाला? १९९२ च्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून तो वाटा निम्मा आहे. मध्यंतरी मुदत संपूनही राज्यातील अनेक नगरपालिका काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये बऱ्याच नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. निवडून आलेली बाई आपल्या वस्तीची असो वा नसो, तिच्या दारी जाऊन विचारायला लाज कसली? मत मागायला ती आपल्या दारी आली होतीच.

आमची वही

घरी आल्यावर पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही एक शंभर पानी वही घेतली. पहिल्या रकान्यात पुस्तिकेतले वाक्य लिहिले, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात आम्ही पाहिलेले. रात्री आठ वाजता बॅटरी घेऊन आम्ही दहा जणी गल्लीतून फिरलो. कोणता खांब पेटतो, कोणता विझलेला, क्रमांकासह टिपले. उघडे गटार हाताने मापले. शौचालयाच्या दारांना खडूने आकडे घातले. नवऱ्यांनी आधी चेष्टा केली, "आता तुम्हीच मुकादम झालात!" मग त्यांतलेच दोघे टेप घेऊन आले.

वहीची प्रत आणि पुस्तिकेचे पान जोडून कार्यालयात अर्ज दिला. साहेब म्हणाले, "काम झालेले आहे, अहवालात छापले आहे." त्यावर आमच्यातली कधी सभेत न बोलणारी एक मावशी पुढे झाली. म्हणाली, "साहेब, छापलेलं आम्ही वाचलं. म्हणूनच आलो. आज रात्री आठला या, चहा देतो, मोजून घ्या." साहेब आले नाहीत. त्यांचा माणूस मात्र तिसऱ्या दिवशी आला.

सगळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. विझलेल्या चार दिव्यांपैकी तीन लागले. गटाराच्या वळणावर फरशी आली. शौचालयाच्या एका दाराला कडी बसली, दुसऱ्या दाराचे लाकूडच कुजलेले आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. वहीत त्याच्यासमोर आम्ही ‘अपुरे’ असेच लिहून ठेवले आहे आणि कडी बसेपर्यंत तो शब्द खोडणार नाही. दहावीची पोर आता एका दारापुरती तरी आईला सोडून अभ्यासाला बसते.

ही लहान कामे आहेत, हे आम्ही जाणतो. दिव्याची आणि कडीची तुलना आम्ही महाडच्या संग्रामाशी करीत नाही. तळ्यावरचा लढा केवळ पाण्यासाठी नव्हता, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी होता, हे बाबासाहेबांनी स्पष्टच केले होते. पण रात्री दार धरून उभ्या राहणाऱ्या मुलीची अब्रू हाही माणुसकीचाच प्रश्न आहे. तो आपल्याला सोसायची सवय झाली, म्हणून तो लहान वाटतो. तळ्यापासून दूर राहण्याचीही आपल्या पूर्वजांना सवय लावली गेली होती. बाबासाहेबांनी पहिली मोडली ती ही सवय.

महाड सत्याग्रहाची शताब्दी २० मार्च २०२७ ची. त्या निमित्ताने मोठे कार्यक्रम, मोठ्या मिरवणुका, निळे झेंडे हे सर्व हवेच. त्यासोबत प्रत्येक विहारात एक वही असावी, असे आम्हाला वाटते. आपल्या पालिकेचा, आपल्या ग्रामपंचायतीचा वर्षाचा अहवाल मागून आणावा, वंदनेनंतर मोठ्याने वाचावा आणि मग उठून आपल्या गल्लीतून एक फेरी मारावी. वाचता येत नसेल त्या आजीलाही सोबत न्यावे. आमची फेरी तर आजींच्याच बोलण्याने सुरू झाली.

आजी आता दर रविवारी विचारतात, "दुसरी कडी बसली का गं?" आम्ही सांगतो, नाही आजी, अजून नाही. त्या म्हणतात, "मग वही आणा."

जयभीम!